टाकी चालू आहे का?

"बाबा, आज नाल्याला रंग का नाही?"

तिने विचारून टाकलं एकदाचं. मोठ्या आवाजामुळे तिला 'भोंगा' म्हणणाऱ्या मैत्रिणींनी पैज लावली होती: पाहुण्यासमोर विचारशील तर तू खरी भोंगा, आणि मग तू सांगशील ते काम आम्ही करू. शाळेच्या भिंतीमागून तोच नाला जायचा; निळा की लाल, यावर मधल्या सुट्टीत अंदाज चालत. पण आजचा पाहुणा प्रदूषण खात्याचा तपासनीस होता. नमुन्याची बाटली घेऊन तो बाबांच्या कापड रंगवायच्या कारखान्याच्या मोरीशी उकिडवा बसला होता, आणि परवान्याची मुदत महिनाअखेर संपत होती.

"आज कोरा माल भिजवलाय," बाबा घाईघाईने म्हणाले.

तपासणीच्या दिवशी न रंगवलेला, कोराच माल असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणि सांडपाणी निवळायची गाळाची टाकी?" तपासनीसाने विचारलं.

"किल्ली कामगाराकडे आहे, साहेब. तो आज सुट्टीवर."

तिने आईकडे पाहिलं. किल्ली आईच्या कमरेला होती. आई पाठ फिरवून वाळलेलं कापड पुन्हा वाळत घालू लागली.

तपासनीसाने गेल्या वर्षीचा अर्ज उघडला. "'टाकी चालू आहे का? होय.' अक्षर फार सुरेख आहे हो. कुणाचं?"

"मुलीचं," बाबांची छाती फुगली. "आमचं म्हणजे कोंबडीचे पाय. सगळे अर्ज तीच भरते."

तिचे कान तापले. बाबांनी सांगितलं आणि तिने लिहिलं होतं. टाकीत जुनी गाठोडी कोंबलेली तिला दिसत होती तरी. वर 'होय'ला झोकदार मात्रासुद्धा काढली होती.

"सोमवारी टाकी बघायला येतो. नवा अर्ज तयार ठेवा," म्हणत तपासनीस गेला.

बाबांनी कोरा अर्ज आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. "लिही. गेल्या वर्षीसारखंच."

तिने पेनाचं टोपण लावलं.

"अगं, पाणी साठवून निवळायचं म्हणजे माल एक दिवस उशिरा. गिऱ्हाईक थांबतं का? आणि परवाना गेला तर कुलूप लागेल!"

"म्हणूनच टाकी खरंच चालू करायची, बाबा." आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असावा. तिने आईपुढे हात पसरला. आईने क्षणभर बाबांकडे पाहिलं आणि किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली.

"अर्ज मीच भरणार, पण रविवारी संध्याकाळी. सकाळी टाकी उपसायची आहे. मैत्रिणींना आठ वाजता बोलावते, मी पैज जिंकलेय. तुम्ही दोघं जुने कपडे घालून या."