बारानंतरची वीस मिनिटं

सायकाल आपा पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांच्या खोलीत आल्या तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. त्यांचा नवरा, कादिरकुल, घरातून निघून गेला होता. शेजारपाजार पालथा घालून झाला होता. म्हाताऱ्याचं डोकं वर्षभर ठिकाणावर नव्हतं आणि बाहेर नोव्हेंबरची थंडी. उजेड आहे तोवर सापडला तर सापडला.

बुरुलचाने त्यांना खुर्ची दिली. राजधानी बिश्केकहून या नदीकाठच्या गावात बदलून येऊन तिला चारच महिने झाले होते, पण साठ कॅमेऱ्यांच्या चित्रणातून माणूस हुडकण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. यंत्राला जागा, वेळ आणि माणसाचं वर्णन सांगायचं, की ते तेवढीच माणसं निवडून समोर मांडायचं.

"आपा, नेमके किती वाजता गेले?"

"घड्याळ कोण बघतंय गं? रेडिओवर बाराच्या बातम्या लागल्या तेव्हा आमचं म्हातारं भिंतीला टेकून बसलं होतं. मी चहा ठेवायला उठले. चहा उकळून आत आणते तो हे गायब."

"अंगावर काय होतं?"

"काळा कोट, उंच पांढरी टोपी. आणि डावा पाय ओढत चालतं."

चहाला लागतात किती, दहा मिनिटं? फार तर वीस. बुरुलचाने बारा ते बारा वीस अशी वेळ घातली. यंत्राने तीन म्हातारे दाखवले.

"हा? हा तर मुडदा कसाई, हाडंच जास्त तोलतो," असं म्हणत आपांनी तिघांनाही निकालात काढलं.

मग बुरुलचाने जागा वाढवली. आधी गल्ली, मग बाजार, मग बसथांबा, शेवटी सगळं गाव. दरवेळी यंत्र पाव-अर्धा तास खाई. वेळ मात्र तिने तीच ठेवली. तिला ती पक्की वाटत होती, आणि पक्क्या वाटणाऱ्या गोष्टीला पुन्हा हात लावायची बुद्धी भल्याभल्यांना होत नाही.

चार वाजले. आपांना चहा द्यावा म्हणून तिने कोपऱ्यातल्या विजेच्या किटलीचं बटण दाबलं आणि जरा वेळाने कप पुढे केला.

"उकळला पण?" आपा कपाकडे बघतच राहिल्या. "आमच्या समोवाराला तासभर लागतो बाई. काटक्या फोडा, पेटवा, फुंकत बसा..."

बुरुलचा झटकन यंत्राकडे वळली. तिने घाईघाईने बारा ते दीड अशी वेळ घातली.

म्हातारा पहिल्याच फेरीत सापडला. बारा चाळीसला पुलावर. एक दहाला गावाबाहेरच्या शेवटच्या कॅमेऱ्याखाली, दगडावर बसलेला. तिने त्याच कॅमेऱ्याचं पुढचं चित्रण पाहिलं, तर तीन पन्नासपर्यंत तो तिथेच बसून होता. मग उठून नदीकडे उतरला.

पोलिसांची गाडी धावली, पण नदीच्या पुढच्या वळणावर पाण्यात त्याचं प्रेतच मिळालं.

सातव्या दिवशी, घरी कुराण वाचून झाल्यावर, आपा पुन्हा आल्या. फडक्यात कणकेचे तळलेले बोरसोक बांधून आणले होते.

"खा. त्याच्या नावाचे आहेत. आणि मला तो दाखव. बसलेला."

बुरुलचाने चित्रण लावलं. रस्त्याने डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एखादी बाई दिसली की म्हातारा दगडावरून अर्धवट उठे, कोट सारखा करी. बाई जवळ आली की पुन्हा खाली बसे.

"वर्षभर मला विचारायचा," आपा म्हणाल्या, "'बाई, तुम्ही कोणाकडं आलात?' म्हणून." आणि आपल्या पांढऱ्या रुमालाचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं.

पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती, दोन चाळीस. आपांना वाचता येत होतं.

"तेव्हा आपण इथंच होतो ना गं?"

"हो आपा." बुरुलचाला रडू आवरेना. "चूक माझी. तुमचा चहा मी माझ्या किटलीवर मोजला. नुसती वेळ वाढवली असती तरी आजोबा हाती लागले असते. मला माफ करा."

आपांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"माफीचं मागाहून बघू," त्या म्हणाल्या. "आत्ता गप्प बस. तो उठतोय."