करडईच्या बांधावरची पिवळी वाटी

मी एक प्लास्टिकची वाटी. नांदेडच्या दुकानात होते तेव्हा पांढरी होते. सृष्टी माझी मालकीण, रानातल्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांचा अभ्यास करायची. तिनं मला भडक पिवळा रंग दिला, साबणाचं पाणी भरलं आणि कंधारजवळ व्यंकटीमामांच्या करडईच्या बांधावर ठेवलं. माश्यांना मी फूल वाटावं म्हणून.

वाटायचेही. त्या उतरायच्या आणि बुडायच्या. मला वाईट वाटायचं, पण फूल म्हणवून घ्यायला आवडायचंही.

आजूबाजूची करडई जाऊन आता सगळा हरभरा आला होता. करडईच्या या एका तुकड्यावर कोणत्या माश्या तगल्या, ते सृष्टीला बघायचं होतं. एक निळसर रानमाशी मात्र काही केल्या सापडत नव्हती.

एका सकाळी गावातल्या सरजाबाईंच्या शेळीनं मला अर्धं पिऊन टाकलं. थोड्या वेळानं तिच्या तोंडाला फेस आला. खोकली की फुगे. माणसं जमली. विष पाजलं, असं एकजण म्हणाला, मग सगळेच म्हणू लागले. व्यंकटीमामांनी सृष्टीला सांगून टाकलं की वाटी उचल आणि परत रानात येऊ नको.

सरजाबाई काठी घेऊन आल्या. "माझी शेळी मेली तर काय करशील?"

सृष्टीनं मला उचललं, तोंडाला लावलं आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"निस्ता साबण हाय, मावशी," ती म्हणाली. तिच्याही तोंडातून एक फुगा निघाला आणि व्यंकटीमामांच्या टोपीवर जाऊन फुटला. कुणी हसलं नाही.

मग तिनं जिभेवरून काहीतरी चिमटीत काढून उन्हात धरलं. निळसर रानमाशी. सृष्टी आनंदानं रडायलाच लागली.

सरजाबाईंना वाटलं, पोरीला विष चढलं. काठी टाकून त्यांनी तिला पोटाशी धरलं. "तू मरू नको, माय. शेळीचं बघू नंतर."

शेळीही मेली नाही, सृष्टीही नाही. व्यंकटीमामांनी तिला रानात येऊ दिलं. मला मात्र सरजाबाईंनी ठेवून घेतलं.

आता मी त्यांच्या अंगणातल्या भिंतीवर असते. रंगाचे पोपडे निघालेत. आत साधं पाणी आणि दोन-चार खडे. शेळी हुंगते आणि तोंड फिरवते. तिला साबणाचंच हवं असतं. माश्या खड्यांवर बसून पाणी पितात.

तुमच्या घरी एखादी जुनी वाटी असेल तर तिलाही पाणी द्या, पण खडे टाकायला विसरू नका. माश्या आल्या की वाटीला बरं वाटतंच. पण त्या पिऊन उडून जातात ना, ते बघायला फार बरं वाटतं.