नवसीची सळई

सळई मनगटावर बसली तेव्हा आधी हाडाचा आवाज आला, मग स्वातीची किंकाळी.

पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या साच्यात बिजागरीचं पान अडकलं होतं. ते चिमट्याने काढायचं सोडून स्वातीने हात आत घातला आणि शेजारी उभ्या नवसीने डोळ्याचं पातं लवायच्या आत फटका हाणला. बोईसरच्या त्या कारखान्यात रीतच तशी होती. प्रेसवर कोणी नवीन बसलं की जुन्या माणसाने सळई घेऊन बाजूला उभं राहायचं. हात आत गेला की मारायचं. बोटं जाण्यापेक्षा वळ बरा.

नवसीला ही विद्या तिथल्या जुन्या कामगाराने, बुधाने दिली, तीही सळईनेच. मासवणहून आलेली नवसी तेव्हा पोरसवदा होती. एकदा बुधा पाणी प्यायला गेला आणि तेवढ्यात प्रेसने तिच्या उजव्या हाताची दोन बोटं खाल्ली. त्या दिवसापासून तिची सळईवर जी श्रद्धा बसली, ती कुठल्या देवावरही नसेल.

"किती वेला सांगला तुला, हात घालू नको," नवसी म्हणाली. "बोटं गेल्यावर शहाणी होशील काय?"

स्वाती सालवडची, आयटीआय करून आलेली. घरी तिला कोणी चापटसुद्धा मारली नव्हती. मनगट पोटाशी धरून वाकली होती, ती सरळ झाली नवसीच्या हातातली सळई हिसकावूनच. डाव्या हाताने तिने ती नवसीच्या तोंडावर ओढली. ओठ फाटला. दुसरा फटका कानावर बसला. नवसी पत्र्यांच्या ढिगावर कोसळली, तरी स्वातीने पुन्हा सळई उगारली. सुपरवायझर रूपेश धावत आला आणि त्याने ती तिच्या हातातून ओढून घेतली.

"मी काय बैल हाय?" स्वाती ओरडली. "हाड मोडलं माझं हिने."

"हाड जुळतंय. बोटं जुळतात काय?" नवसीने रक्त थुंकून विचारलं.

रूपेशच्याही बोटांच्या पेरांवर नवसीच्या सळईच्या खुणा होत्या. चेला साहेब झाला की गुरूची पंचाईत होते. इथे दोघांचीही झाली होती.

"मावशी, सोमवारीच सांगितलं ना," तो म्हणाला. "हा प्रेस नवा हाय. पुढून लाइटचा पडदा हाय. हात गेला की आपोआप थांबतो. आता कंपनी तुमाला घरी बसवील. मी काय सांगू वर?"

"लाइटच्या भरवशावर पोरीचा हात सोडू?"

रूपेशने पायपट्टी दाबली आणि सळई आत सरकवली. प्रेस खाली आला, सळईच्या वर अर्ध्यावर थांबला. मघाशी स्वातीचा हात आत होता तेव्हाही तो असाच थांबला होता. तेव्हा तिकडे बघायला कोणाला फुरसत होती?

नवसीला ते पटेना. लोखंडासाठी थांबला म्हणून माणसासाठी थांबेल कशावरून? ती उठली, रूपेशला सळईसकट कोपराने ढकललं, पायपट्टीवर पाय ठेवला आणि तीन बोटांचा हात साच्यावर पसरला.

"मावशी, नको," रूपेश ओरडला.

प्रेस गरजत निघाला आणि थांबला. नवसीने हात काढला, परत घातला. तो परत थांबला. ती किती तरी वेळ त्या उभ्या लोखंडाकडे बघत राहिली. तिला राग आला नाही. तिला फक्त फार वाईट वाटलं.

"मंग मी हिला मारलं कशाला?" ती म्हणाली.

रूपेश रिक्षा बघायला धावला. त्याने टाकलेली सळई नवसीने उचलली तशी स्वाती मागे सरकली. नवसी तिच्यासमोर खाली बसली, सळई तिच्या सुजलेल्या हाताला आधाराला टेकवून धरली आणि डोक्याचा रुमाल सोडून भोवती गुंडाळला. तीन बोटांनी गाठ काही बसेना. रुमाल दोनदा निसटला.

स्वातीने तिच्याकडे न बघता रुमालाचं दुसरं टोक दातात धरलं आणि ओढलं.