चंद्रशेखरचा गोल

स्टुलावर चढून चंद्रशेखररावांनी दिवाणखान्यातलं प्रमाणपत्र खिळ्यावरून काढलं. मागे भिंतीवर जुन्या रंगाचा चौकोन उरला. त्यांच्या पत्नी मंजुषाताई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“हे काहून काढलं?”

“काचेवर धूळ बसली होती.”

“अडतीस वर्षं बसून राह्यली. आजच दिसली?”

त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि झरीच्या एसटीत जाऊन बसले.

पांढरकवड्याच्या फुटबॉल क्लबला पन्नास वर्षं होत होती. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या चंद्रशेखररावांकडे आलं, ते त्यांचं अक्षर चांगलं म्हणून. इतिहास तसा सोपाच होता. पांढरकवड्याच्या पोरांनी बाजाराच्या मैदानावर बांबूचे गोलखांब रोवून क्लब काढला आणि पुढची पन्नास वर्षं, खोटं कशाला बोला, बहुतेक हरण्यात घालवली. एकदा तर समोरच्या संघाला इतकी दया आली की उत्तरार्धात त्यांनी आपला गोलकीपर यांना उसना दिला. जिंकलेला चषक एकच, शहाऐंशी सालचा. त्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल चंद्रशेखरचा. तेवढं एक पान सोडून सगळं लिहून झालं होतं, आणि उद्या कागद छापखान्यात द्यायचे होते.

तो गोल त्यांचा नव्हता.

सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांचा घोटा सुजला. खेळाडूंची यादी आयोजकांकडे गेलेली, नवं नाव घालता येईना. मग कुणीतरी आरागिरणीवर ओंडके वाहणाऱ्या फकिराच्या अंगावर चंद्रशेखरची जर्सी चढवली. गावोगावच्या स्पर्धांत असं चालायचं. फकिराने गोल मारला आणि तोच उत्कृष्ट खेळाडू ठरला; प्रमाणपत्र मात्र यादीतल्या चंद्रशेखरच्या नावाचं निघालं. खरं सांगितलं तर चषक परत जाणार, म्हणून सगळे गप्प बसले. आरागिरणी बंद पडली तसा फकिराही आपल्या गावी, झरीला, निघून गेला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी नेमकं त्या गोलाबद्दल विचारलं, आणि चंद्रशेखररावांनी घरी पाय शेकत बसल्याने डोळ्यांनी न पाहिलेला तो गोल चांगला रंगवून सांगितला. नोकरी लागली. तेव्हापासून भिंतीवरच्या त्या काचेकडे नजर गेली की त्यांना स्वतःची लाज वाटायची.

फकिराचं घर शाळेच्या मागे निघालं. तो अंगणात बाजेवर बसून बांबूची टोपली विणत होता. डोक्यावरचे केस पांढरे झाले होते, खांदे मात्र तसेच रुंद. त्याने डोळे बारीक करून पाहिलं.

“चंदूभाऊ! पाय बरा हाये का आता?”

चंद्रशेखररावांना हसू आलं. ते बाजेवर टेकले. वर्तमानपत्र सोडून त्यांनी प्रमाणपत्र फकिराच्या मांडीवर ठेवलं.

“हे तुझं आहे. माझ्याकडं राहिलं. आता क्लबचा इतिहास छापून राह्यले, त्यात तुझं नाव घालतो. लोक मले काय म्हणायचं ते म्हणू दे.”

फकिराने काचेवरून बोट फिरवलं. त्याला वाचता येत नव्हतं. मान वळवून त्याने हाक मारली,

“चंद्रशेखर!”

“ओ,” चंद्रशेखरराव म्हणाले.

पण फकिरा घराकडे बघत होता. आतून पस्तिशीचा एक माणूस हात पुसत बाहेर आला.

“हा माहा पोरगा. वाच रे, काय लिवलं हाये?”

पोराने चौकट हातात घेतली. “उत्कृष्ट खेळाडू. श्री. चंद्रशेखर, पांढरकवडा.” आडनावाला आयोजकांनी जागाच ठेवली नव्हती. त्याने वर पाहिलं. “बा, हे तं माह्यं नाव हाये.”

“त्या दिवशी भोंग्यावर हेच पुकारलं,” फकिरा म्हणाला. “सारं मैदान वरडून राह्यलं होतं, चंद्रशेखर, चंद्रशेखर. आमच्या घरात असं नाव कोनाचंच नव्हतं. पोरगं झालं, तवा तेच ठेवलं.”

“अरे, पण नाव माझं होतं.”

“होतं न, भाऊ. पन टाळ्या तं माह्याच होत्या.”

हे तो अगदी सहज बोलला. चंद्रशेखररावांनी खिशातून पेन काढलं, कोरा कागद पिशवीवर ठेवला.

“पूर्ण नाव सांग.”

“फकिरा भीमा आत्राम.”

त्यांनी ते सावकाश, आपल्या चांगल्या अक्षरात लिहिलं. मग विचारलं,

“आणि गोल कसा मारला, तेही सांग. मी पाहिलाच नाही.”

फकिराने टोपली बाजूला सारली. सांगायला तोंड उघडलं, मग काहीतरी आठवून थांबला आणि दाराकडे वळला.

“चंद्रशेखर, एक खिळा आन रे आधी.”

या वेळी चंद्रशेखररावांनी ओ दिली नाही.