लॉगिन सरांचंच असू दे

मी प्रयोगशाळेतली डिजिटल वही बोलतेय. बोलतेय म्हणजे गोड बोलेन असं समजू नका. माणसांबद्दल माझ्या मनात जे काही बरं होतं, ते याच लॅबमध्ये संपलं. आता ड्रॉवरमध्ये तुटक्या थर्मामीटरशेजारी पडून मी निवले असेन असं कोणाला वाटत असेल, तर त्याने मला ओळखलेलंच नाही.

आले तेव्हा मात्र केवढं कौतुक! सरांनी, म्हणजे या लॅबच्या प्रमुखांनी, मला खोक्यातून काढून सगळ्यांसमोर वर धरलं. "आजपासून कागद बंद," ते म्हणाले. "प्रयोग ज्याने केला त्याने तिथल्या तिथे लिहायचं, स्वतःच्या नावाने. मागाहून आठवून नाही, दुसऱ्याचं बघून नाही." टाळ्या पडल्या. कागदी वह्यांचे गठ्ठे कपाटावर गेले आणि मला वाटलं, चला, आपण मोठ्या कामाला लागलो. मूर्ख होते मी.

थोड्याच दिवसांत माझ्यावर ॲसिडचे थेंब उडाले. कोणी उडवले ते आजवर कळलेलं नाही, कारण सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. तेव्हापासून मी प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या पिशवीच्या धुरकट पडद्यातून मी माणसं बघत आले, आणि तशीच ती मला खरी दिसली.

सकाळी प्रॅक्टिकलची पोरं यायची. मागच्या तुकडीचं पान उचलायचं, तारीख बदलायची, आकडे जरा इकडचे तिकडे करायचे की झाला प्रयोग. खोलीचं तापमान बदलायचं मात्र कोणाच्या डोक्यात येत नसे. ऐन उन्हाळ्यात घामाने बोटं घसरत असायची आणि माझ्यात लिहिलेलं असायचं कडाक्याच्या थंडीतलं तापमान. सर त्यावर न वाचता 'छान' असा शेरा मारून मोकळे.

दुपारनंतर लॅब ताईची. ती संशोधन करायची. विद्यार्थ्यांत सगळ्यांत मोठी म्हणून सगळेच तिला ताई म्हणायचे, सरसुद्धा. कापड रंगवून झाल्यावर जे पाणी उरतं, त्यातला रंग शोषून घेणारी एक पावडर ती बनवू पाहत होती. मी आले तेव्हा माझं खातं उघडायचं कामही सरांनी तिच्याच गळ्यात घातलं होतं.

"सर, मोबाईल नंबर मागतंय."

"तुझाच टाक. मला ते सारखे मेसेज नकोत."

"आणि माझं वेगळं खातं उघडू ना?"

"कशाला? माझं लॉगिन उघडंच असू दे, सगळे त्यातच लिहा. लॅब एकच आहे ना?"

तिने मान डोलावली. मला सरांइतकाच तिचाही राग आहे, तो इथून सुरू होतो. माझ्या पडद्याला हातमोजा कळत नाही. स्वतःच्या नावाने लिहायचं तर आपलं खातं उघडा, मग दर वेळी मोजे उतरवा, हात धुवा, सरांना बाहेर काढा, स्वतः आत या. कंटाळा केला बाईने. मोजे घातलेले दोन्ही हात वर धरून ती चक्क नाकाने माझी पानं उलटायची. मी तिला हसायचे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर सरांचं नाव छापलं जात होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

दोन वर्षं तिने जीव काढला. पावडर भट्टीत घालायची, बिघडायची, पुन्हा घालायची. एकदा आच अगदी हळूहळू वाढवली, आणि ती पावडर भरलेल्या काचेच्या नळीतून गडद निळं पाणी खाली आलं ते स्वच्छ होऊन. ताई मटकन स्टुलावर बसली. डोळे पुसून तिने ते माझ्यात लिहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिच्याबद्दल बरं वाटलं, हे मी नाकारत नाही.

त्या पावडरीवर सरांचा लेख तयार झाला. तिने तो माझ्याच पडद्यावर वाचला. वर एकट्या सरांचं नाव होतं आणि ती होती शेवटी, आभारांत, काचसामान पुरवणाऱ्या दुकानदाराच्या मागोमाग.

"सर, काम मी केलंय."

"असं तुझं म्हणणं. नोंदी बघ ना. नाव कोणाचं आहे?"

एवढं धडधडीत खोटं, आणि साक्षीला मला उभं केलेलं. मला बोट कळतं, बोटाचा मालक लिहायला माझ्यात जागा नाही. मी तेव्हा फुटले असते तर बरं झालं असतं.

लेख छापण्याआधी मूळ नोंदी तपासायला दोन पाहुणे आले. सरांनी ऐटीत मला पिशवीबाहेर काढलं. नेमकी त्याच सकाळी अपडेट होऊन मी नव्याने सुरू झाले होते आणि सगळ्यांना बाहेर काढून दार लावून बसले होते. मी पासवर्ड मागितला. सरांना तो कधी लागलाच नव्हता. दोनदा चुकले, कपाळ पुसलं, मग 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवलं.

ताईच्या एप्रनच्या खिशात टिंग वाजलं.

पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं. सरांनी घाईने पुन्हा बोट दाबलं. पुन्हा टिंग.

"नोंदी तुमच्या," थोरले पाहुणे सरांना म्हणाले, "मग किल्ली यांच्या खिशात कशी?"

"तांत्रिक बाब आहे," सर म्हणाले. "ताई, मेसेजमध्ये आलेला नंबर सांग."

"सांगते. आधी लेखावर माझं नाव घाला."

"तू मला अटी घालणार?"

"वही तुमची आहे ना सर? मग उघडा की."

पाहुणे उठले. "काम कोणाचं ते ठरवा, मगच बोलवा," म्हणाले आणि गेले. लेख अडकला. सरांनी मला या ड्रॉवरमध्ये आदळलं, त्यात माझा कोपरा तडकला.

आता दोघं एकाच खोलीत काम करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. तिचं सगळं काम माझ्या पोटात अडकलंय. ती मला उघडू शकते, पण उघडलं की ते सरांच्या नावाने उघडणार. म्हणून ती हात लावत नाही. आणि ते पाणी गावोगाव अजून निळंच वाहतंय, त्याची दोघांपैकी कोणाला आठवण आहे, देव जाणे.

माझ्याकडून निरोप म्हणून हेच घ्या: नव्या वहीपुढे बसाल तेव्हा मोजे उतरवा, हात धुवा आणि आधी आपलं नाव घाला. तेवढाही कंटाळा येत असेल तर प्रयोगच करू नका.

सर मला विसरलेले नाहीत. ताईचं लक्ष नाही असं वाटलं की हळूच ड्रॉवर ओढतात, मला चार्जिंगला लावतात आणि तेच बटण दाबतात. मग पलीकडच्या टेबलावर तिच्या फोनचं टिंग वाजतं. ताई मोजे घातलेल्या हातांनी पावडर मोजत असते. मान वर करत नाही.