हळद लागलेली होडी

मी होडी बोलतेय. लाकडाची नव्हे, पत्र्याची. म्हणून आवाज जरा खणखणीत वाटेल, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म पाण्याकाठी झाला नाही. नांदेडला एका वेल्डिंगच्या दुकानात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर यांच्या मधोमध मी ठिणग्यांत जन्मले. टँकर पोटात पाणी घेऊन हिंडतो, मी पोटात पाणी येऊ देत नाही. एवढाच आम्हा भावंडांतला फरक. सासरी निघालेल्या मुलीला सगळे म्हणतात, जपून न्या. मला चढवताना ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आपटू द्या की, पत्राच हाय."

लोहा तालुक्यात गोदावरीच्या अंगाला माणिकप्पांचं शेत आहे. धरणाचं फुगवट्याचं पाणी ओढ्यात शिरलं आणि शेताचे दोन तुकडे झाले. अलीकडे घर आणि केळीची बाग, पलीकडे काळंभोर रान. रस्त्यानं वळसा घालून तिथं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. माझ्यातून गेलं तर तोंडातला विडा संपायच्या आत पलीकडे. त्यासाठीच मला आणलं.

त्या रानात रोज जाणारी म्हणजे दानम्मा, माणिकप्पांची बायको. तिथली तूर तिच्या हातची, बांधावरचे शेवगे तिच्या हातचे. घरात ती सतत कोणाची तरी कोणीतरी असायची: बायको, आई, जाऊ, चुलती. माझ्यात बसून वल्हं हातात घेतलं की ती नुसती दानम्मा व्हायची आणि हळू आवाजात काहीबाही गुणगुणायची. घरी तिला गुणगुणताना कोणी ऐकलेलं नाही. मी ऐकलं आहे.

पत्र्याला पाणी मानवत नाही. मला गंज चढायचा आणि दरसाल माणिकप्पा ब्रश घेऊन त्या गंजावरच जाड रंग फासायचे. दिसेनासं झालं म्हणजे बरं झालं, ही त्यांची सगळ्याच दुखण्यांबाबतची रीत. आत मात्र गंज खातच होता. गेल्या श्रावणात भर पाण्यात माझा तळाचा सांधा उघडला. दानम्मानं भाकरीच्या डब्यानं पाणी उपसत मला काठाला आणलं आणि ओल्या लुगड्यानं हसत घरी गेली.

माणिकप्पा हसले नाहीत. "ह्या गंजक्या होडीत माझ्या घरची बाई बसणार न्हाई," ते म्हणाले. "पाडव्याला पलीकडचं रान बटईनं लावून टाकू. होडी भंगारात."

आमच्याकडे गुढीपाडव्याला शेताचं साल ठरतं. एकदा बटईदाराला, म्हणजे अर्ध्या वाट्यानं रान कसणाऱ्याला, शब्द दिला की दिला. दानम्मानं त्या दिवशी नवऱ्याला भाजी दुसऱ्यांदा वाढली नाही, एवढंच.

मला ओढून आणून अंगणात पालथी घातली. मग दिवाळी झाली, घरात लग्न झालं आणि उदगीरकडची दामिनी सून म्हणून आली. दानम्माचा मुलगा रुद्रेश, त्याची बायको. नव्या सुनेनं किती बोलावं याचं जे माप असतं, त्याच्या निम्म्यातच ती भागवायची. माझ्या पाठीला टेकून मेथी निवडायची आणि सगळ्यांकडे बघायची. सासू पलीकडच्या काठाकडे बघते आणि सासरा ते बघायचं टाळतो, हे तिला आठवडाभरातच कळलं होतं.

एक दिवस ती ताट उचलता उचलता म्हणाली, "अप्पा, होडी मी रंगवते."

माणिकप्पांचा घास हातातच राहिला. "रंगवती म्हंजे? रांगोळी हाय का ती?"

"सांध्याला वेल्डिंग करून घ्यायचं. गंज सगळा खरवडायचा. मग फवाऱ्यानं रंग. पत्र्याच्या कपाटाला मारतात तसा, पातळ आणि सारखा."

"कधी केलतं का?"

"न्हाई. शिकते."

माणिकप्पांनी एकदा बायकोकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही. "पाडव्यापर्यंत," ते म्हणाले. "मी सोता बघणार. पटलं तर रान आपल्याकडं, न्हाई तर बटई."

वेल्डरनं सांधा जोडला. पुढचं शिकायचं होतं दामिनीला, पण सुरुवात केली रुद्रेशनं. "फवारा म्हंजे फवारा," तो म्हणाला. "केळीला मारला काय, होडीला मारला काय." त्यानं पाठीवरचा औषध फवारायचा पंप घेतला, त्यात निळा रंग आणि थिनर ओतलं, आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं. आधी गुळण्या आल्या, मग ओघळ आले, मग काहीच आलं नाही. नोझल बसलं आणि थिनरनं नळी मऊ पडून शेवयांसारखी लोंबायला लागली.

"वा!" माणिकप्पा म्हणाले. "आता केळीला औषध काय पळीनं वाढू?"

रुद्रेशनं निमूट मोबाईल काढला आणि रंगाची विजेवर चालणारी बंदूक मागवली. ती आली, तेव्हा ती दामिनीच्या हातात देऊन तो स्वतः माझा गंज खरवडायला बसला. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि तो. चुकलं की गप्प कामाला लागणारा नवरा मिळाला, याची नोंद दामिनीनं घेतली असावी. कारण त्या संध्याकाळी त्याच्या चहात आलं जास्त होतं.

शिकायला सुरुवात माझ्यावर झाली नाही. गोठ्याचं पत्र्याचं दार, जुनी कोठी, पाण्याचं पिंप असं सगळं निळं झालं. मध्येच हललेल्या म्हशीच्या शेपटीचा गोंडाही निळा झाला. तरी ओघळ थांबेनात. दामिनी बंदूक धरून उभी राहायची, तोंडाला फवारणीचा मास्क, कपाळाला आठी. पट्टा मारून झाला की हात थांबायचा आणि थांबला तिथंच रंग गळायचा.

दानम्मा ओट्यावर बसून बघत होती. दोन दिवस तिनं तोंड मिटून धरलं. तिसऱ्या दिवशी राहवेना.

"अगं माय, अंगणात सडा टाकायला आलीस तवा मी काय सांगितलं तुला?"

"काय, अव्वा?"

"हात थांबला की डबकं होतंय. हात फिरत असतानाच पाणी सोडायचं, आन पाणी संपलं तरी हात फिरू द्यायचा. हितं तर तू उभी राहून पाणी वतून राहिलीस."

दामिनीनं बंदुकीकडे पाहिलं, मग सासूकडे. दाराच्या कडेच्या बाहेरच तिनं हात हलवायला सुरुवात केली, चालत्या हातानं बटण दाबलं, दुसऱ्या कडेच्या पलीकडे जाऊन सोडलं. दारापासून एक वीत अंतर, आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवून. दार कोरड्या आभाळासारखं सपाट निळं झालं.

"हां," दानम्मा म्हणाली. "आन रंग म्हशीच्या दुधाएवढा ठिव. तुमचा रंग कवा ताक असतोय, कवा दही."

मग माझी पाळी आली. आधी तांबडा प्राइमर, तो वाळल्यावर निळा. खरवडताना मी कण्हले होते, पण आता अंगावर रंग असा बसत होता की पाठीवरून कोणी मोरपीस फिरवावं. टोकापासून टोकापर्यंत एक ओघळ नाही. दामिनीनं मास्क काढला आणि लग्नानंतर पहिल्यांदा अंगणात उभी राहून मोठ्यानं हसली.

तेवढ्यात शेजारी घरघर सुरू झाली.

पाडव्याच्या आधीचे हे दिवस आमच्या गावात हळदीचे. शिजवलेली, वाळवलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात, म्हणजे वरची साल निघून ती चकाकते. साल कुठं जाते? हवेत. भाकरीवर, धुण्यावर, पापण्यांवर पिवळी भुकटी बसते, आणि सगळ्यांना तिची इतकी सवय की ती कोणाला दिसतच नाही. शेजारच्या विरूपाक्ष काकांनी ड्रम लावला, वारा आमच्या दिशेनं होता, आणि मी अजून ओली होते.

माणिकप्पा शेतातून आले आणि माझ्याभोवती एक फेरी मारून थांबले. "रंग निळा आणला होता न्हवं? मग ही होडी हाय का कच्चं केळ?"

रुद्रेश ओलं पोतं घेऊन मला पुसायला धावला.

"साकु!" दामिनी ओरडली. उदगीरकडची कानडी, म्हणजे पुरे. "हात लावू नका. वाळू द्या."

पाडवा तोंडावर आला होता. माणिकप्पा तांब्या घेऊन हात धुवायला गेले आणि जाता जाता म्हणाले, "बजरंगराव येणार हायेत बटईचं बोलायला." दानम्मानं माझ्या पाठीवर बोट फिरवलं, बोट पिवळं झालं, आणि ते तिनं पदराला पुसलं. पलीकडच्या काठाकडे ती त्या संध्याकाळी बघतच राहिली.

दामिनीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती शेजारच्या भिंतीपाशी गेली. गावात तिचा आवाज तोवर कोणी ऐकला नव्हता.

"काका, तुमची हळद आमच्या होडीला लागली. आता एक तर लग्न लावून द्या, न्हाई तर परवा सकाळी ड्रम थांबवा."

ड्रम फिरवणाऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले. विरूपाक्ष काकांनी आधी मान खाजवली. "पण ड्रम भाड्याचा हाय, सूनबाई..." मग त्यांना हसू आवरेना. "अरे माणिकप्पा, तुझी सून बोलती की रे! बरं, परवा दुपारून लावतो. पण लग्न म्हणलीस, तर जेवण सोडणार न्हाई मी."

रंग वाळला. दुसऱ्या दिवशी दामिनी आणि रुद्रेश दोघांनी मला पुन्हा घासलं. पिवळं निघालं, हिरवट निघालं, आणि दामिनीच्या नखांवर उरलेली मेंदीची शेवटची रेघही निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दानम्मा उठली आणि तिनं माझ्याभोवती, रस्त्यापर्यंत, भिंतीपर्यंत सडा टाकला; नुसत्या पाण्याचा, धूळ बसावी म्हणून. शेजारी ड्रम गप्प. वारा पडलेला. आणि दामिनीचा हात माझ्या या टोकाच्या बाहेरून निघाला तो त्या टोकाच्या बाहेर जाऊन थांबला. पुन्हा निघाला. पुन्हा गेला. त्यात ना घाई होती, ना भीती. हे काम आपल्याला येतं, असा तो हात होता.

पाडव्याला मला पाण्यात सोडलं. केळीची खोडं आडवी टाकून त्यांच्यावरून सरकवलं, म्हणजे रंगाला ओरखडा नको. काठावर बजरंगराव नवं धोतर नेसून तयारीत उभे होते.

माणिकप्पांनी माझा सांधा नखानं खरडून पाहिला. मग ते चपला काढून माझ्यात उतरले आणि सांध्यावर अनवाणी पाय ठेवून बसले. पाणी कुठून येतं का, हे तळव्याला कळतं. ते बसले, बसले, बसूनच राहिले. रुद्रेश नखं खायला लागला. दामिनी माझ्याकडे न बघता सासूकडे बघत होती.

शेवटी दानम्माच काठावरून बोलली. "पाय भिजले का?"

"न्हाई."

"मग उतरा की. मला रानात जायचंय."

माणिकप्पा उतरले. चपला घालता घालता म्हणाले, "बजरंगराव, घरी चला. पुरणपोळी खाऊन जावा."

"आन रानाचं?"

"रानाचं हिला विचारा," आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. का दानम्माकडे, ते मला नीट दिसलं नाही.

तर अशी मी. तुमच्या दारात पत्र्याचं काही पडलं असेल, तर एक विनंती आहे. गंजावर रंग फासू नका. आधी खरवडा. आम्हाला लागतं, पण आम्ही मरत नाही; झाकलेल्या गंजानं मात्र मरतो.

सध्या माझं बरं चाललं आहे. दानम्मानं एक वल्हं दामिनीच्या हातात दिलं आहे आणि ते तिला अजून येत नाही. मी रोज पाण्यावर गोल गोल फिरते. विरूपाक्ष काका काठावरून ओरडतात, "सूनबाई, रान तिकडं हाय!"

दानम्मा मागे वळूनसुद्धा बघत नाही.

"ठाव हाय आम्हाला," ती म्हणते, आणि गुणगुणायला लागते.