शांताबाईची लुगडी

"मावशी, गाठोडी बाहेर काढा."

गजेंद्र दाराबाहेरच उभा होता. तोंडाला रुमाल बांधलेला, हातात रॉकेलचा डबा. मागे गल्लीतली आणखी तीन-चार माणसं होती, पण पुढे कोणी येत नव्हतं.

"गल्लीतल्या सगळ्या चिंध्या जाळायच्या ठरल्यात. चिंध्यात उंदीर राहतात, न् उंदरात रोग."

सरलाबाई उंबर्‍यात वाट अडवून उभी राहिली. "माझ्या घरात उंदीर नाही रे भाऊ."

"आज नाही. उद्या आला मग?" गजेंद्रचा आवाज चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. त्याची बायको ओली बाळंतीण होती. उधना स्टेशनावर शहर सोडून पळणारी माणसं गाडीच्या टपावर चढत होती. तिथं तिला आणि तान्ह्या जिवाला घेऊन तो कुठं शिरणार होता?

सुरतेत प्लेग शिरल्याची बातमी फुटली आणि डिंडोलीतल्या त्या गल्लीत अर्ध्या घरांना कुलपं लागली. कापड विणणारे लूम बंद पडले. रात्रंदिवस चालणारा तो खडखडाट थांबल्यावर लोकांना आपलंच खोकणं ऐकू यायला लागलं, आणि कोणी खोकलं की शेजारचं दार बंद व्हायचं. सरलाबाई गेली नव्हती. नवरा हिलाल दोन वर्षांपूर्वी वारला होता, आणि खानदेशात आता तिची वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं. हातानं गोधड्या शिवून ती आपलं भागवत होती.

घरात दोन गाठोडी होती. एक तिचं स्वतःचं. त्यात हिलालची धोतरं, सदरे, त्याचा एक फेटा. त्याची गोधडी करायची म्हणून तिनं ते बांधून ठेवलं होतं, पण सोडायला हात धजत नव्हता. दुसरं उज्ज्वलाचं. उज्ज्वला म्हणजे समोरच्या घरातली मुलगी. तिची आई शांताबाई उन्हाळ्यात गेली होती आणि तुळशीच्या लग्नानंतर उज्ज्वलाचं लग्न होतं. आईच्या लुगड्यांची गोधडी तिला सासरी न्यायची होती. परवा बापाबरोबर गावी पळताना ती याच दारात रडली होती. "मावशी, मन्ही मायनी लुगडी सांभाळजो," म्हणाली होती.

परक्याची ठेव होती ती.

"गजेंद्र, शिवलेली गोधडी जाळशील का?"

तो गोंधळला. "अंगावरची पांघरुणं कोण जाळंल? गाठोडी जाळायची."

"मग दिवस मावळेपर्यंत थांब. शिवून होईल ते माझं, उरेल ते तुझं."

"एका दिवसात? मावशी, तुमच्या हाताला महिना लागतो."

"ते माझं मी पाहीन."

गजेंद्रनं मागच्या माणसांकडे पाहिलं. "मावळेपर्यंत," तो म्हणाला, आणि डबा तिथंच ओट्याशी ठेवून गेला.

सरलाबाईनं उज्ज्वलाचं गाठोडं उचललं आणि गल्लीच्या टोकाला पंडित टेलरच्या खोलीत नेऊन टाकलं. पंडितकडे पायमशीन होती. काळी, जुनी, कुणा पारशाच्या घरातून आलेली. तिच्यावरची सोनेरी फुलं हात लागून लागून पुसली होती. या मशीनवरून दोघांचं वर्षानुवर्षं भांडण होतं. तो म्हणायचा, "वैनी, तुमची एक गोधडी होईस्तोवर मी दहा उडवीन." ती म्हणायची, "तुमची मशीन शिवत नाही भाऊ, ठोकते. असली गोधडी अंगावर घेऊन झोप लागायची नाही."

आज ती म्हणाली, "पंडितभाऊ, मले मशीन शिकवा."

म्हातारा हसला नाही. "मी शिवली असती वैनी. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. सुईचं टोक दिसत नाही. तुम्ही बसा, मी समोरून कापड ओढतो."

तिनं लुगडी एकावर एक अंथरली. वर शांताबाईचं हिरवं, काठाचं. पाय पट्टीवर ठेवले तर चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला. मग पाय जमले, पण हात जमेनात. सवयीप्रमाणे ती कडेनं शिवायला लागली. आयुष्यभर गोधडी तिनं कडेकडेनं आत, मधल्या चौकोनापर्यंतच शिवली होती. इथं वरचं कापड पुढे सरकत गेलं, खालचं मागे राहिलं आणि कोपर्‍यात या मोठ्या चुण्या पडल्या. ढीग मशीनच्या पोटात मावेना.

"उसवा," पंडित हातानं चाचपून म्हणाला. "मशीनले मधूनच सुरुवात लागते. दोन्ही बाजूंनी गुंडाळी करा, मधोमध पहिली ओळ मारा, मग बाहेर बाहेर जा."

"उलटंच की हे सगळं."

"उलटंच आहे."

उसवण्यात दुपार कलली. बाहेर पालिकेची गाडी पांढरी पूड फवारत गेली आणि खोलीभर तिचा उग्र वास भरला. पहिली ओळ वाकडी आली, दुसरी बरी. तिसर्‍या ओळीला सुई मोडली. पंडितनं डबीतून दुसरी काढून दिली. "जाड थर आले की चाक हातानं फिरवा. घाई करू नका."

पण दारातली उन्हाची पट्टी भिंतीवर चढायला लागली होती. सरलाबाईनं पाय जोरात मारले. मशीन धडधडत सुटली. एका काठाशी थर अडला, तो सरकवायला तिनं डावं बोट पुढे नेलं, आणि सुई नखातून आरपार गेली.

ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "भाऊ, बोट."

पंडित खाली वाकून चाचपडत आला. "हलू नका. अजिबात हलू नका." त्यानं चाक शोधून धरलं आणि डोळे मिटून हळूहळू मागे फिरवलं. सुई वर आली. हिरव्या लुगड्यावर रक्ताचा डाग पसरला. "बस झालं वैनी," पंडित म्हणाला. "दवाखान्यात चला."

"दवाखान्यात आज कोण आपल्याकडे बघंल?" तिनं पदराची किनार टरकन फाडली, बोटाला घट्ट आवळली. "ओढा तुम्ही."

गजेंद्र आला तेव्हा उन्हं जात आली होती. शेवटची ओळ बाकी होती. तो दारात उभा राहून पाहत राहिला. तिनं वर पाहिलं नाही. दोरा तोडला, गोधडी झटकून त्याच्यासमोर धरली. ओळी वाकड्या होत्या, एक कोपरा चुणलेला, मध्ये डाग.

"ही शिवलेली आहे."

गजेंद्रनं गोधडीकडे पाहिलं, मग तिच्या बोटाकडे. मागून कोणीतरी म्हणालं, "हिचा तरी काय भरवसा? टाक तीपण." गजेंद्रनं मान वळवली. "मावळेपर्यंत म्हटलं होतं. शब्द दिला होता." मग हळूच म्हणाला, "मावशी, ते दुसरं गाठोडं..."

"हात लावू नका कोणी. मी आणते."

तिनं ते स्वतः आणलं. गल्लीच्या तोंडाशी ढीग पेटला होता. गाठोडं सोडलं नाही, आत हातही घातला नाही. तसंच बांधलेलं आगीवर ठेवलं. फेट्याचं एक टोक बाहेर लोंबत होतं, ते पेटून आत जाईपर्यंत ती उभी राहिली. मग घरी जाऊन तिनं चूल पेटवली.

दिवाळीच्या तोंडावर लोक परतले. लूम सुरू झाले. सरलाबाईचं बोट भरलं, पण शेंड्याची जाणीव गेली. हातानं शिवताना सुई खालून बोटाला टोचून सांगते, टाका बसला. ते सांगणं आता तिला कळेना.

उज्ज्वला आली ती धावतच. सरलाबाईनं गोधडी तिच्या पुढ्यात उलगडली. मुलीनं आधी हिरव्या काठावरून गाल फिरवला, मग ओळींकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"मावशी... हाई मशीननी शे?"

"हो गं."

"तुम्ही तर म्हणायच्या, मशीनची गोधडी..."

"घाई झाली."

उज्ज्वला ओळींवरून हात फिरवत गेली. डागापाशी तिचा हात थांबला, तिनं तो चोळून पाहिला.

"धर, घडी करू," सरलाबाई म्हणाली. दोघींनी दोन-दोन टोकं धरली. डाव्या हातातलं टोक सुटलं तेव्हा सरलाबाईला ते कळलंच नाही. उज्ज्वलानं खाली पाहिलं तेव्हा समजलं. सरलाबाईनं वाकून टोक उचललं, या वेळी उजव्या हातात घेतलं, आणि काठाला काठ जुळवला.